गुरुवारी उघडं दार

माझे वडील गेले तेव्हा काका भेटायला आले. चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि आईकडे वळायच्या आधी आमच्या दाराची वरची बिजागरी दोन बोटांनी हलवून पाहिली. घरात पंधरा माणसं बसलेली, आई भिंतीला टेकलेली, आणि हे गृहस्थ दार अर्धं उघडून सोडताहेत, ते कुठं जाऊन थांबतं ते बघताहेत. मग आईसमोर येऊन अर्धा तास बसले. निघताना मला दारात म्हणाले, "ताई, खालचा स्क्रू ढिला आहे. बाकी मी काय बोलू, मले असलं काही येत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन स्क्रू बसवून गेले.

काका म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या तोंडाशी जी चार मजली इमारत आहे, तिची मी मॅनेजर. नाव मॅनेजर, काम मात्र पाण्याच्या मोटरपासून कबुतरांच्या घाणीपर्यंत सगळं. खाली कापडाची दुकानं, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि दाताचा दवाखाना, दुसऱ्यावर व्यापाऱ्यांची ऑफिसं, वरचे दोन मजले राहण्याचे. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक जाडजूड, जड दार आहे. आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये आणि माणसांना खाली उतरता यावं म्हणून ही दारं. ती कायम बंद हवीत, आणि कोणी उघडलं तर हात सोडताच आपली आपण बंद व्हायला हवीत. काका महिन्यातून एका गुरुवारी ही दारं तपासायला यायचे.

उभा जन्म त्यांनी नेपानगरला कागदाच्या कारखान्यात, आग विझवणाऱ्या खात्यात काढला होता. रिटायर झाल्यावर बऱ्हाणपुरात सिलिंडर भरून देणाऱ्या एका एजन्सीने त्यांना हे दारांचं काम दिलं. एजन्सीला वाटलं असणार, म्हातारा येईल, सही करेल, जाईल. एजन्सीचा अंदाज साफ चुकला.

सकाळच्या गाडीने यायचे. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात ब्रश, छोटा आरसा, मेणाचा तुकडा, पेचकस आणि कागदाच्या पट्ट्या. दार लावताना चौकटीत एक पट्टी धरायची आणि दार बंद झालं की ती ओढून बघायची. पट्टी अडकली तर दार पास, सहज सरकून आली तर नापास. मी एकदा विचारलं, याचं काही यंत्र मिळत नाही का? म्हणाले, "मिळत असेल. मी तीस-पस्तीस साल कागद जळताना पाह्यला ना ताई, मले कागदावरच भरोसा आहे." पट्टीनंतर दार तीनदा सोडायचं: एकदा पूर्ण उघडून, एकदा अर्धं, एकदा वीतभर. तिन्ही वेळा खटका वाजला पाहिजे. खटका ऐकताना ते डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललेलं खपायचं नाही. एकदा कोचिंगच्या सरांना त्यांनी "चूप!" म्हणून असं दटावलं, की सर बिचारे स्वतःच्याच वर्गात गुपचूप जाऊन बसले.

लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नाही. कोणाकडे जेवले नाहीत. पिशवीत भाकरी आणि एक केळं असायचं. केळं ते मीठमिरी लावून खायचे, आणि तेही तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून. आमच्या भागात केळीवाले शेतकरी कौतुकाने अख्खा फणा हातात ठेवतात. काकांना कोणी फणा दिला की एक तोडून घ्यायचे आणि बाकीचा परत. "एकट्याले किती लागते?" एवढंच म्हणायचे. बायको जाऊन खूप वर्षं झालेली. मुलगा पुण्याला, तो बोलवायचा. पण काका नेपानगरच्या वसाहतीतल्या क्वार्टरला चिकटून राहिले. त्या ओळीतली बाकीची सगळी क्वार्टरं रिकामी झाली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर ते कोणाशी बोलत असतील, असं मला पुष्कळदा वाटायचं. विचारायचा धीर मात्र झाला नाही.

दारांना टेकण लावून ती उघडी ठेवायची ही इमारतीतल्या लोकांची खोड, आणि ती टेकणं जप्त करायची ही काकांची. विटा, फरशीचे तुकडे, पाण्याचे जार, मागाचा लाकडी धोटा, काय वाटेल ते. दाताच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने एकदा घरून वरवंटा आणून दाराशी ठेवला. काकांनी तो पिशवीत घातला आणि चालते झाले. चार दिवसांनी कंपाउंडरची बायको माझ्या ऑफिसात येऊन उभी. "मॅडम, वो मेरे सास का वरवंटा है! चार दिवस झाले, घरात चटणी नाही." पुढच्या गुरुवारी काका वरवंटा घेऊन थेट तिच्या घरी गेले आणि तिला वीस मिनिटं धुराविषयी समजावलं. कंपाउंडर सांगत होता की तिने त्यांना चहा विचारला, तेव्हा हे म्हणाले, "चहा राहू द्या, तुमचं मागचं दार दाखवा."

एका दिवाळीत कमिटीने अख्खी इमारत रंगवून घेतली. या दारांच्या चौकटीत खाचेमध्ये एक पट्टी असते, आगीच्या तापाने ती फुगते आणि फट बुजवते. रंगाऱ्याला काय ठाऊक! त्याने पट्ट्या, बिजागऱ्या, दार ओढून घेणारे वरचे दांडे, सगळं एकाच ब्रशने तेलरंगात बुडवून काढलं. वर बायकांनी त्या दांड्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. काका आले, त्यांनी पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, आता जमदग्नीचा अवतार. पण त्यांनी माळा हलक्या हाताने सोडवून भिंतीवरच्या खिळ्यांना बांधल्या आणि पत्ती घेऊन रंग खरवडायला बसले. तीन दिवस रोज येत होते. तिसरा दिवस लक्ष्मीपूजनाचा. मी म्हटलं, "काका, सण आहे, घरी जा." म्हणाले, "घरी काय आहे? इथं तुम्ही तरी आहात." मला घाई होती. मी फराळाची पुडी त्यांच्या पिशवीशेजारी ठेवली आणि निघून आले. ते आठवलं की अजून मनाला लागतं.

आता चौथ्या मजल्याचं सांगते, कारण काकांचं खरं भांडण तिथं होतं.

चौथ्या मजल्यावर जिन्याचं ते जड दार उघडलं की छोटीशी मोकळी जागा आणि समोर दोन फ्लॅट. एकाला कायमचं कुलूप, मालक इंदूरला. दुसऱ्यात एक मावशी राहायच्या, सत्तरीच्या. मूळच्या अकोल्याकडच्या, यजमान काकांच्याच कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर दोघांनी इथं घर घेतलं आणि वर्षभरात यजमान गेले. मुलगी परदेशात. दुसरा फ्लॅट बंद असल्यामुळे मधली जागा त्यांचीच झाली होती, आणि जिन्याचं दार त्यांच्या हिशेबी त्यांच्या घराचं मुख्य दार होतं. त्याला तोरण, त्याच्यापुढे रांगोळी, आणि दिवसभर ते दगड लावून सताड उघडं.

एकदा काका आले तर दाराखाली लाकडी उंबरठा! मावशींनी सुताराला बोलावून तो बसवून घेतला होता, आणि दार त्याला अडतं म्हणून सुताराने खालून दोन बोटं दार कापलंही होतं. काकांनी फटीत हात घातला. पंजा आरपार गेला.

"हे काय केलं हो वहिनी?"

"काहून? उंबरठ्याशिवाय घर असते का कुठं? लक्ष्मी काय पायरीवर उभी राहीन?"

"इथून धूर जाईन ना! लोक पळता पळता ह्याच्यावर अडखळून पडतील!"

"चार मजले चढून कोणी येत नाही माझ्याकडं. पळत तर बिलकुलच नाही."

काकांनी उंबरठा उखडला, पण फेकला नाही. मावशींच्या फ्लॅटच्या आतल्या दाराखाली नीट मापात बसवून दिला आणि जिन्याच्या दाराला खालून नवी पट्टी ठोकली. मावशींनी नव्या जागी उंबरठ्याला हळदकुंकू लावलं. जिन्याच्या दाराला दगड मात्र परत लावला.

हा दगड दोन वर्षं चालला. काका न्यायचे, मावशी दुसरा आणायच्या. दार उघडं राहील आणि आग लागताच आपोआप सुटून बंद होईल, असं एक चुंबक मिळतं. काकांनी कमिटीला तसं लिहून दिलं. पण चुंबकाला आगीच्या घंटेचं पॅनल चालू लागतं, आणि आमचं पॅनल कधीपासून बंद. कमिटी दर वेळी म्हणायची, पुढच्या मीटिंगला बघू.

मग एका उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत कापडाचं गोदाम जळलं. माणसं वाचली, पण कमिटी घाबरली. मला हुकूम आला, दार उघडं दिसलं की नोटीस. त्या गुरुवारी मी आणि काका दोघं चौथ्या मजल्यावर गेलो. दगड या वेळी मीच उचलला.

मावशी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे दार लागलं की मले काहीच ऐकू येत नाही हो. उघडं असलं तर खालची पोरं, दूधवाला, कोणाची चप्पल, काही ना काही येते वर. वाटते, आहेत लोक."

काका म्हणाले, "वहिनी, धूर आला तर तो तुमाले विचारून येणार नाही."

"मंग कडी तरी लावू नका."

"कडी नाहीच ह्याले. नुसतं ढकललं की उघडते."

त्यांनी दार पूर्ण उघडून सोडलं. खटका वाजला. मावशी आत, आम्ही बाहेर. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

पुढच्या आठवड्यात मी वीजबिल द्यायला संध्याकाळी वर गेले. दार ढकललं, तर मावशी त्या मोकळ्या जागेत फरशीवर पडलेल्या. केर काढताना पाय सरकला होता, सकाळी दहाच्या सुमाराला. खुब्याचं हाड मोडलेलं, दारापर्यंत सरकताही येत नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "लय हाका मारल्या हो." आवाज बसला होता. दिवसभर या जिन्यावरून शेकडो माणसं चढली-उतरली होती. मी स्वतः तीनदा तिसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. त्या सात तासांचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

मावशी दवाखान्यात असताना काकांचा गुरुवार आला. मी खालीच सगळं सांगितलं. ऐकून ते नेहमीसारखे जिना चढायला लागले. चौथ्या मजल्यावर दार तीनदा सोडलं. तीनदा खटका वाजला. पट्टी धरली, पट्टी अडकली. दार पास होतं, इमारतीतलं सगळ्यात चांगलं दार होतं ते.

"ताई, आत जा," ते म्हणाले. "त्या जिथं पडल्या तिथं बसा. मी दार लावतो. हाक मारा. तुमच्या आवाजात नाही, त्यांच्या आवाजात मारा."

मी फरशीवर बसले. दार लागलं. खालची पोरं, गल्लीतले माग, सगळं एकदम दूर गेलं. मी हाक मारली, "काका!" थांबले. परत मारली. तिसऱ्यांदा जरा जोरात मारली आणि मला उगीचच रडू यायला लागलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. काका डोळे मिटूनच उभे होते, खटका ऐकताना उभे राहायचे तसे.

"मारली का हाक?" त्यांनी विचारलं.

"तीनदा मारली."

त्यांनी डोळे उघडले. फॉर्म काढला, चौथ्या मजल्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. "दार बरोबर आहे," म्हणाले. "मी कुठं चुकलो सांगा." मीही तेवढीच चुकले होते. ती ओळ त्यांनी कोरी ठेवली.

मावशी वॉकर घेऊन घरी आल्या. वरकामाला एक बाई ठेवली, ती सकाळी यायची आणि दहाला जायची. मुलीने मोबाइल गळ्यात अडकवायला सांगितला होता, मावशी तो देवापाशी ठेवायच्या. काकांनी पॅनलसाठी कमिटीला पुन्हा लिहिलं. पुन्हा पुढची मीटिंग.

आणि मग पुढच्या गुरुवारी, तपासणी नसताना, काका हजर. माझ्या ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि चार मजले वर नेली. मी मागोमाग गेले. त्यांनी दार पूर्ण उघडलं, पाठ दाराला लावून खुर्ची ठेवली आणि बसले.

"काका, हे काय?"

"दाराशी माणूस असला तर दार उघडं चालते. आग लागली तर तो उठून बंद करते. कारखान्यात मोठा माल न्यायचा असला की आमी असंच करायचो."

"अहो, पण किती वेळ बसणार?"

"चारची गाडी आहे."

अकरा ते चार. दर गुरुवारी. मावशी आपल्या उंबरठ्याशी वॉकर घेऊन बसायच्या, काका दाराशी. दोघांची तोंडं जिन्याकडे. मी वर गेले की दिसायचं, फारसं कोणी बोलत नाही. खालून आवाज आला की मावशी म्हणायच्या, "पोस्टमन." काका म्हणायचे, "नाही, कुरिअरवाला. त्याचा बूट वाजते." एवढाच काय तो वाद. एकदा मावशींनी थालीपीठ दिलं तर ते त्यांनी खाल्लं. माझ्या माहितीत त्यांनी दुसऱ्याच्या हातचं खाल्लेलं ते एकच. पावसाळ्यानंतर ते सोमवारीही यायला लागले. एजन्सीवाला मला म्हणाला, "मॅडम, म्हातारा सटक गया क्या?" मी हसले. हसायला नको होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबायचे, तिसऱ्यावर बसायचे. लिफ्टला मात्र तयार नाहीत. शेवटी डॉक्टरांनी जिना बंदच केला. शेवटच्या गुरुवारी खुर्ची माझ्या ऑफिसात परत आणून ठेवली, त्या वेळी त्यांच्या ओठांचा रंग बदललेला होता. म्हणाले, "ताई, गुरुवारचं तुम्ही बसाल? सोमवार राहू द्या. गुरुवार तरी."

मी म्हटलं, "बसेन की."

दोन गुरुवार बसले. तिसऱ्या गुरुवारी मोटर जळाली, चौथ्याला कमिटीची माणसं आली, आणि पाचव्याला काहीच नव्हतं, तरी मी गेले नाही. गुडघे दुखतात, उद्या जाऊ, असं काहीतरी मनाशी म्हटलं. काकांचा फोन दर गुरुवारी अकराला नेपानगरहून यायचा. "बसल्या का?" मी माझ्या टेबलापाशी बसून सांगायची, "हो, बसले." "कोण गेलं आता?" "दूधवाला गेला." "वहिनी?" "बऱ्या आहेत." मग जोराचा श्वास ऐकू यायचा आणि फोन बंद. कितीतरी गुरुवार मी हे बिनदिक्कत करत राहिले.

एका गुरुवारी ते म्हणाले, "वहिनींले द्या जरा फोन."

मी फोन कानाला लावून जिन्याकडे पळत सुटले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. "देते हं काका, देते," म्हणत पायऱ्या चढत होते आणि धाप लागल्याचा आवाज जाऊ नये म्हणून फोन पदरात दाबत होते. चौथ्या मजल्यावर दार ढकललं. मावशी त्यांच्या उंबरठ्याशी खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर पुढ्यात, तोंड बंद दाराकडे. मला बघून दचकल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. काय सांगणार होते मी?

त्यांनी फोन कानाला लावला. थोडं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मी घामाघूम, एका हाताने दार धरून धापा टाकत उभी.

"हो भाऊ," त्या म्हणाल्या. "बसल्या आहेत ना. दर गुरुवारी येतात, चार वाजेलोक बसतात. दार? हो, उघडंच आहे. तुमी जिवाले जपा."

फोन परत माझ्या हातात दिला आणि जिन्याकडे बघायला लागल्या. काका पंधरा दिवसांनी गेले. मधल्या दिवसांत त्यांचा फोन एकदाच आला होता, आणि तेव्हा मी खरंच वर होते.

पण मावशींनी फोन परत दिला त्या दिवशी मी दार पूर्ण उघडलं, पाठ लावून तिथंच फरशीवर बसले. चार वाजेपर्यंत बसले. खाली कोचिंगला सुट्टी होती, वर कोणी आलं नाही.